आरोग्यविचार : पुसलेली खोली, न पुसलेली खोली



रुग्णालयातील विलगीकरण कक्ष आपल्यापैकी बहुतेकांनी बाहेरूनच पाहिलेला असतो. दारातील चौकोनी काच, काचेपलीकडे पलंग, सलाइनचा स्टँड आणि त्या पलंगावर आपले कोणी माणूस. त्या माणसाच्या श्वासातून, खोकल्यातून आणि हातांतून बाहेर पडलेला विषाणू खोलीत कोठवर जातो व कोठे थांबतो, याचा अंदाज आपण आपल्या भीतीच्या प्रमाणात बांधतो. तो मोजून पाहत नाही. मोजून पाहण्याचे एक रीतसर शास्त्र आहे. या वेळी त्याविषयी लिहावयाचे आहे, कारण त्याचे निष्कर्ष अर्धवट कानी पडल्यामुळे अनेक घरांत नाहक दुःख झाले, आणि जे शिकावयाचे ते राहूनच गेले.

२०२० साली २४ जानेवारी ते ४ फेब्रुवारी या काळात, सिंगापूरमध्ये साथीसाठी राखून ठेवलेल्या रुग्णालयात कोविडचे तीन रुग्ण तीन स्वतंत्र खोल्यांत होते. खोल्या उत्तम व्यवस्थेच्या होत्या. तासाला १२ वेळा हवा बदलणारी यंत्रणा, दाराबाहेर एक लहान मधली खोली, आत स्वतंत्र स्नानगृह. वारंवार हात लागणाऱ्या जागा दिवसातून दोनदा आणि फरशी दिवसातून एकदा क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसली जाई. तेथील डॉक्टरांनी खोल्यांतील २६ ठिकाणांचे नमुने तपासले आणि त्यांचा छोटेखानी अहवाल ४ मार्च २०२० रोजी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पहिल्या दोन रुग्णांच्या खोल्यांतील नमुने नित्याची सफाई उरकल्यानंतर घेतले होते. त्यांतील एकाही नमुन्यात विषाणू आढळला नाही. पहिल्या रुग्णाची तर लक्षणे त्या वेळी ओसरलेलीही नव्हती. तिसऱ्या रुग्णाच्या खोलीत मात्र नमुने सफाईच्या आधी घेतले गेले. तेथे खोलीतील १५ पैकी १३ ठिकाणी, म्हणजे ८७ टक्के जागी, विषाणूची खूण सापडली. स्नानगृहातील ५ पैकी ३ ठिकाणीही ती होती : शौचपात्रावर, बेसिनवर आणि दाराच्या मुठीवर. हवा बाहेर नेणाऱ्या झरोक्याच्या पंख्यांवरसुद्धा ती आढळली. या रुग्णाचा आजार वरच्या श्वसनमार्गापुरताच होता. न्यूमोनिया नव्हता, जुलाबही नव्हते. मधल्या खोलीत आणि बाहेरच्या मार्गिकेत काहीच सापडले नाही. आत जाऊन आलेल्या कर्मचाऱ्यांच्या संरक्षक पोशाखावर एकाच ठिकाणी खूण मिळाली, ती बुटाच्या पुढच्या भागावर. हवेचे नमुने घेतले होते, त्यांत काही आढळले नाही.

लोकांच्या स्मरणात यातील ८७ हा आकडा राहिला. माझ्या मते त्या अहवालातील मोठा आकडा शून्य हा होता. पलंग तसाच, यंत्रणा तीच, आजारही तोच. आणि सकाळी कोणीतरी बादली व फडके घेऊन आत जाऊन आले होते, एवढ्याने खोलीवरील खुणा नाहीशा झाल्या होत्या.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. तीन खोल्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही. शिवाय तिसऱ्या रुग्णाच्या नाकातील विषाणूचे प्रमाण मुळातच अधिक होते. कोविडच्या दिवसांत चाचणीच्या कागदावर 'सीटी व्हॅल्यू' लिहिलेली असे, ती वाचकांना आठवत असेल. विषाणूचा जनुकीय अंश यंत्रात प्रत्येक आवर्तनाला सुमारे दुप्पट होतो आणि कितव्या आवर्तनाला तो दिसू लागला ते हा आकडा सांगतो. म्हणून आकडा जितका लहान, तितका विषाणू अधिक. तिसऱ्या रुग्णाचा हा आकडा २५.६९ होता, पहिल्या दोघांचे ३१.३१ आणि ३५.३३. फरक दिसावयास लहान, परंतु दुपटीच्या हिशेबाने तो पहिल्याच्या तुलनेत सुमारे पन्नासपट व दुसऱ्याच्या तुलनेत सुमारे आठशेपट भरतो. तेव्हा सगळे श्रेय फडक्याला देता येणार नाही. पण न पुसलेल्या खोलीत काय असते आणि पुसलेल्या खोलीत काय उरत नाही, याचे इतके स्पष्ट चित्र साथीच्या त्या पहिल्या आठवड्यांत दुसरे कोणाजवळ नव्हते.

ही तपासणी कशी करतात, हे समजून घेण्यासारखे आहे. निर्जंतुक द्रवात भिजविलेला स्वॅब, म्हणजे काडीच्या टोकाचा बोळा, ठरावीक मापाच्या चौकोनात आडवा, उभा आणि तिरपा असा दाबून फिरवितात. माप ठरावीक असावे लागते. नाही तर एका खोलीतील टेबलाची दुसऱ्या खोलीतील टेबलाशी तुलनाच करता येत नाही. सपाट टेबलावर हे सोपे. पलंगाच्या गोल कठड्यावर, परिचारिकेला बोलावण्याच्या बटणावर किंवा दाराच्या मुठीवर कठीण. मग बोळा द्रव भरलेल्या नळीत बुडवून, काडी मोडून, झाकण लावून नळी बर्फाच्या पेटीत ठेवतात. त्या द्रवात जंतुनाशकाचा परिणाम थांबविणारे द्रव्य असणे इष्ट. कारण पृष्ठभागावर राहिलेले क्लोरीन नळीतही आपले काम चालू ठेवते आणि निष्कर्ष खोटाच स्वच्छ येतो. एखादा बोळा कोठेही न फिरविता तसाच नळीत घालून पाठवितात, म्हणजे गडबड खोलीतील आहे की नमुने घेणाऱ्याच्या हातातील, हे कळते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, नमुना सफाईच्या आधी घेतला की नंतर, व किती वेळाने, याची नोंद ठेवावी लागते. ती नोंद नसेल तर वरचे दोन्ही आकडे, ८७ आणि शून्य, अर्थहीन होतात. आपल्याकडे रुग्णालये 'स्वॅब रिपोर्ट निगेटिव्ह' असा कागद दाखवितात, तेव्हा ही एक गोष्ट विचारण्याजोगी आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बोळ्यावर सापडते ते काय? प्रयोगशाळेतील यंत्र विषाणूच्या जनुकीय साखळीचा तुकडा ओळखते. तो तुकडा जिवंत, संसर्ग करू शकणाऱ्या विषाणूचा आहे की मोडून पडलेल्या विषाणूचा, हे ते सांगत नाही. दारावर नावाची पाटी आहे म्हणून आत माणूस राहतो असे म्हणता येत नाही. माणूस गेल्यावरही पाटी कित्येक दिवस तशीच असते. 'डायमंड प्रिन्सेस' या जपानच्या किनाऱ्याला अडकून पडलेल्या प्रवासी जहाजावर, बाधित प्रवासी उतरून गेल्यानंतर १७ दिवसांपर्यंत, निर्जंतुकीकरण न झालेल्या खोल्यांत विषाणूची ही पाटी मिळाली होती. बातमी जगभर गेली, आणि विषाणू १७ दिवस जगतो असा तिचा अर्थ घराघरांत लावला गेला. तसे त्या नोंदीत कोठेही म्हटलेले नव्हते.

विषाणू संसर्ग करण्याजोगा आहे की नाही हे पाहावयाचे, तर तो जिवंत पेशींच्या थरावर सोडून त्याची वाढ होते का हे पाहावे लागते. हे काम अधिक जोखमीचे, वेळखाऊ आणि खर्चाचे आहे. त्यासाठी उच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागते. आपल्या पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये भारतातील रुग्णांच्या नमुन्यांतून हा विषाणू अशाच पेशींवर वाढवून वेगळा केला होता. सिंगापूरच्या त्या खोल्यांतील नमुन्यांची मात्र अशी परीक्षा झाली नव्हती, आणि संशोधकांनी ते स्वतःच नमूद केले होते. लंडनमधील एका रुग्णालयात एप्रिल २०२० मध्ये, साथ ऐन भरात असताना, ती परीक्षा केली गेली. तेथे पृष्ठभागांच्या २१८ नमुन्यांपैकी ११४ मध्ये आणि हवेच्या ३१ पैकी १४ नमुन्यांत विषाणूचा अंश मिळाला. पेशींवर वाढविण्याच्या प्रयत्नात मात्र एकाही नमुन्यातून जिवंत विषाणू हाती लागला नाही.

दुसरीकडे, अमेरिकेतील प्रयोगशाळेत मुद्दाम मोठ्या प्रमाणात ठेवलेला जिवंत विषाणू प्लॅस्टिक आणि पोलादावर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत तर तांब्यावर ४ तासांपर्यंत टिकलेला आढळला होता. मार्च २०२० मधील हा प्रयोग खराच होता. फक्त त्याच प्रयोगात, त्या दोन पृष्ठभागांवर विषाणूचे प्रमाण दर सहा-सात तासांना निम्मे होत जाते हेही दिसले होते. ७२ तास हा शेवटच्या उरल्यासुरल्या अंशाचा आकडा होता.

एका वाचकांनी मध्यंतरी लिहिलेल्या पत्राचा येथे उल्लेख करतो. नाव-गाव देत नाही. त्यांचे वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविड कक्षात गेले. रुग्णालयाने चष्मा, घड्याळ, मोबाईल आणि एक छोटी वही पिवळ्या पिशवीत घालून दिली. 'उघडू नका' असे देणाऱ्याने बजावले होते, म्हणून ती पिशवी तशीच माळ्यावर ठेवली गेली आणि आजही तेथेच आहे. आईने वही मागितली, तेव्हा घरातल्यांनी तिला समजूत घालून थांबविले. आता तरी ती उघडण्यास हरकत आहे काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

हरकत नाही. आज तर नाहीच नाही, आणि खरे सांगावयाचे तर त्या वर्षी मे महिन्यातही नव्हती. कागदावर, काचेवर, धातूवर तो विषाणू काही दिवसांपलीकडे संसर्ग करण्याजोगा राहत नाही. पिशवी खाली काढावी, चष्मा आणि घड्याळ पुसून घ्यावे, वहीची पाने उन्हात नव्हे, सावलीत वाऱ्यावर धरावीत, कारण इतक्या वर्षांत त्यांना दमट वास आला असेल, आणि ती आईच्या हातात द्यावी. ज्या कोणाच्या घरी अशी पिशवी असेल, त्यांनी हे उत्तर आपल्यासाठीच आहे असे समजावे.

वस्तूंची ही भीती त्या काळी किती पसरली होती! मार्च २०२० च्या अखेरीस मुंबईत दारात येणारे वर्तमानपत्र थांबले. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या जात, भाजी मिठाच्या पाण्यात तासन्‌तास बुडत असे. वस्तूवरून भीती माणसावर गेली : उत्तर प्रदेशातील बरेली येथे घरी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारण्यात आले. एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला, माणसांवर अशी फवारणी करू नये, ती निरुपयोगी व अपायकारक आहे, असे जाहीर करावे लागले. जुलै २०२० मध्ये अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ इमॅन्युएल गोल्डमन यांनी 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात, पृष्ठभागांपासून असलेला धोका अतिशयोक्त केला जात आहे, असे स्पष्ट लिहिले. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने कोविड होण्याची शक्यता साधारणतः दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे सांगितले. तोवर आपण खिडक्या लावून घेऊन भाजी धुत बसलो होतो, आणि रोग हवेतून येत होता. सिंगापूरच्या अहवालात झरोक्याच्या पंख्यांवर सापडलेली खूण हेच सुचवीत होती : विषाणू हवेच्या प्रवाहाबरोबर तेथवर गेला असावा, असे संशोधकांनी लिहिलेही होते. ती ओळ फारशी कोणी वाचली नाही.

यावरून कोणी असा अर्थ काढील, की पुसण्या-धुण्याला आता महत्त्व उरले नाही. तो पहिल्याहून वाईट अनर्थ ठरेल. कोविड हा एक विषाणू झाला. उलट्या-जुलाबांची साथ पसरविणारा नोरोव्हायरस, लहान मुलांना जर्जर करणारा रोटाव्हायरस हे हातांवरून आणि वस्तूंवरून खुशाल प्रवास करतात. नोरोव्हायरसपुढे तर हातांना लावण्याचे अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरही तोकडे पडते, साबण आणि वाहते पाणीच हवे.

विषाणू हातोहात किती जलद फिरतो, याचा एक विलक्षण प्रयोग लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयात झाला. खऱ्या रोगाचा विषाणू वॉर्डात सोडणे शक्य नव्हते. म्हणून संशोधकांनी फ्लॉवरच्या भाजीला लागणाऱ्या एका विषाणूचा निरुपद्रवी जनुकीय तुकडा पाण्यात मिसळून, ते थोडेसे पाणी विलगीकरण खोलीतील एकाच पलंगाच्या कठड्याला लावले. पुढे पाच दिवस वॉर्डभर ४४ ठिकाणांचे नमुने घेतले. अवघ्या १० तासांत ४१ टक्के ठिकाणी तो तुकडा पोहोचला होता : दारांच्या मुठींवर, प्रतीक्षागृहातील खुर्च्यांच्या हातांवर, मुलांच्या खेळण्यांवर आणि पुस्तकांवर. तिसऱ्या दिवशी प्रमाण ५९ टक्क्यांवर गेले, पाचव्या दिवशी पुन्हा ४१ वर आले. हवेतून उडण्याजोगे त्यात काही नव्हते. डॉक्टर, परिचारिका, रुग्ण आणि भेटावयास येणारे आपल्यासारखे नातेवाईक, यांच्या हातांनीच हा प्रवास घडविला.

आणि तो रोखणारे कोण? आपल्याकडे वॉर्डात ज्यांना 'मावशी' किंवा 'मामा' म्हणून हाक मारतात, ती माणसे. अमेरिकेतील डॉ. फिलिप कार्लिंग यांनी त्यांच्या कामाची पाहणी वेगळ्या रीतीने केली. साध्या उजेडात न दिसणारा आणि विशिष्ट दिव्याखाली चमकणारा एक ठिपका ते हात लागणाऱ्या जागांवर आधी लावून ठेवीत व सफाईनंतर तो पुसला गेला का ते पाहत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, ३६ रुग्णालयांच्या त्यांच्या पाहणीत ४८ टक्केच जागा पुसल्या गेलेल्या निघाल्या. डोळ्यांना मळकट वाटते ते बेसिन स्वच्छ होई. दाराची मूठ आणि दिव्याचे बटण मळलेले दिसत नाही, म्हणून राहून जाई. पुढे काय केले? कोणाला शिक्षा नाही, दंड नाही. चमकणारे ठिपके सफाई करणाऱ्यांनाच दाखविले, नेमके कोठे राहते ते समजावून दिले, आणि प्रमाण ७७ टक्क्यांवर गेले. एका खोलीसाठी पाच-दहा मिनिटे देऊन, अपुरे हातमोजे आणि एकच फडके देऊन, आपण ज्या माणसाकडून विषाणूशी लढण्याची अपेक्षा करतो, त्याला आपण काय शिकविले व काय दिले, हा प्रश्न विश्वस्त मंडळांवर बसणाऱ्या आपल्या समाजबांधवांनी आपापल्या रुग्णालयात जरूर विचारावा. देणगीतून यंत्र आले की नावाची पाटी लागते. फडक्यांच्या जोडावर पाटी लावता येत नाही, म्हणून ते दान मागे पडते.

घरी कोणाला फ्लू, कोविड वा उलट्या-जुलाब झाले आणि त्यांना वेगळ्या खोलीत ठेवावे लागले, तर पुढील गोष्टी पुरेशा आहेत. खिडकी उघडी ठेवावी. कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. पुसताना कमी वापराच्या जागेकडून सुरुवात करून स्नानगृह शेवटी घ्यावे, आणि एका खोलीचे फडके दुसरीत नेऊ नये. रिमोट, मोबाईल, दिव्याचे बटण, कडी, फ्लशची कळ आणि पाण्याच्या पिंपावरील पेल्याची दांडी यांना विसरू नये. बाजारातील सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण ५ टक्क्यांचे असेल, तर २० मिलिलिटर घेऊन त्यात पाणी घालून एक लिटर करावे. उलट्या-जुलाबांच्या आजारात याच्या पाचपटींपर्यंत तीव्र द्रावण वापरतात. पुसल्यावर लगेच कोरडे करू नये, जागा दहा मिनिटे ओली राहू द्यावी, कारण औषधाला काम करण्यास तेवढा वेळ लागतो. द्रावण रोज ताजे करावे. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नये, एकापाठोपाठ एक ओतूही नये : त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद स्नानगृहात तो जिवावर बेतू शकतो.

रुग्णाच्या खोलीत बसून त्याच्याशी बोलावे. तोंडाला मास्क असावा, खिडकी उघडी असावी, उठताना हात साबणाने धुवावेत. त्याच्या पलंगाच्या कठड्याला हात लागला, तर घाबरून तो मागे घेण्याचे कारण नाही.